ज्या डॉक्टरने शिक्षकांना स्वमग्न मुलांना शिकवायला शिकवलं, त्याच्याच सहीने काही मुलं मरणाच्या दारात गेली

२०१० साली शाहरुख खानचा 'माय नेम इज खान' आला. त्यातला रिझवान खान समोरच्याच्या डोळ्यात बघत नाही, मोठा आवाज झाला की बिथरतो, पिवळा रंग दिसला की घाबरतो आणि बोललेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा घेतो. त्याला ॲस्पर्गर सिंड्रोम आहे असं पिक्चरमध्ये सांगितलं जातं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी हा शब्द पहिल्यांदा तिथंच ऐकला.

पुढे ग्रेटा थुनबर्गने आपल्याला ॲस्पर्गर असल्याचं उघडपणे सांगितलं. २०२१ मध्ये इलॉन मस्कनेही एका टीव्ही शोमध्ये तेच सांगितलं. थोडक्यात काय, तर हुशार पण जरा वेगळा माणूस म्हणजे ॲस्पर्गर असं समीकरणच झालं.

पण हे ॲस्पर्गर नेमके होते कोण?

ते होते व्हिएन्नातले एक बालरोगतज्ज्ञ. शाळेने हाकललेल्या मुलांना शिकवता येतं हे दाखवणारे आणि त्यासाठी शिक्षकाने कसं वागावं हे लिहून ठेवणारे. पण त्यांच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी जुन्या फायलींमधली माहिती जगासमोर आली आणि त्यांच्या नावापुढे मोठं प्रश्नचिन्ह लागलं.

पुस्तकात रमणारा पोरगा

हान्स ॲस्पर्गर यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९०६ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नामध्ये झाला. लहानपणापासून पुस्तकांचं वेड. ऑस्ट्रियन नाटककार ग्रिलपार्झरच्या ओळी त्यांना तोंडपाठ होत्या आणि बोलता बोलता ते त्या म्हणून दाखवायचे. तरुणपणी ते एका कॅथलिक युवक संघटनेत सामील झाले. मित्रांसोबत डोंगर चढणं, रानावनात भटकणं हा त्यांचा आवडता उद्योग.

व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि १९३१ साली विद्यापीठाच्या बाल रुग्णालयात रुजू झाले. त्या रुग्णालयात एक वेगळा विभाग होता. जर्मन भाषेत त्याला जे नाव होतं, त्याचा साधा अर्थ उपचारी शिक्षण विभाग. एर्विन लाझार नावाच्या डॉक्टरांनी तो १९११ मध्ये सुरू केला होता.

हा विभाग म्हणजे निम्मा दवाखाना आणि निम्मी शाळा. शाळेत टिकत नाहीत, घरी ऐकत नाहीत, अशी मुलं इथं यायची. त्यांना तपासून चिठ्ठी लिहून परत पाठवलं जायचं नाही. मुलं काही आठवडे तिथंच राहायची. डॉक्टर, नर्स आणि शिक्षक त्यांच्याबरोबर खेळायचे, जेवायचे, शिकवायचे आणि बघत राहायचे. मग सगळे एकत्र बसून त्या मुलाबद्दल चर्चा करायचे. त्यात नर्सच्या मताला डॉक्टरच्या मताइतकीच किंमत असायची.

या विभागाचा खरा कणा होत्या सिस्टर व्हिक्टोरिन झाक. मुलांचा दिवस त्यांच्या तालावर सुरू व्हायचा. अगदी शब्दशः, कारण सकाळी संगीताच्या ठेक्यावर कवायत असायची. मग अभ्यास, मग खेळ, मग नाटुकली. कुणाशीच न बोलणारं मूल त्यांच्यासोबत खेळायला लागायचं, असं तिथल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे.

तिथंच गेओर्ग फ्रांकल आणि ॲनी वाइस हे दोघेही काम करायचे. माणसांशी नातं जोडताना अडखळणाऱ्या मुलांवर त्यांनी ॲस्पर्गर यांच्या आधीच लिहिलं होतं. दोघंही ज्यू होते. युरोपातलं वारं बदलायला लागल्यावर त्यांनी अमेरिका गाठली. फ्रांकल तिथं लिओ कॅनर यांच्यासोबत काम करू लागले. याच कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचा अभ्यास छापला आणि ऑटिझम हा शब्द जगाला माहीत झाला.

व्हिएन्नातल्या विभागाची सूत्रं मात्र तोपर्यंत ॲस्पर्गर यांच्या हाती आली होती. तिशीसुद्धा गाठली नव्हती, तेव्हाच ते विभागाचे प्रमुख झाले होते.

शाळेने पहिल्याच दिवशी हात टेकले

१९३९ च्या शरद ऋतूत शाळेने एका सहा वर्षांच्या मुलाला या विभागाकडे पाठवलं. ॲस्पर्गर यांच्या लेखात त्याचं नाव फ्रिट्झ असं आहे. बालवाडीत तो जेमतेम काही दिवस टिकला होता. इतर मुलांवर धावून जायचा, शिकवणं सुरू असताना वर्गात आरामात फिरायचा, कोट अडकवायच्या खुंट्या उपटायला जायचा. पुढे शाळेत घातलं, तर पहिला दिवस संपायच्या आत शाळेने निकाल दिला की हा मुलगा शिकण्यालायक नाही.

हे शब्द लक्षात ठेवा. या गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

विभागातल्या शिक्षकांनी या शिकण्यालायक नसलेल्या मुलाला घेऊन बसायला सुरुवात केली. कळलं असं की शाळेत जायच्या आधीच तो शंभराच्या पुढचे आकडे लीलया हाताळत होता. इतकंच नाही, तर शून्याच्या खालचे आकडे म्हणजे ऋण संख्या त्याने आपल्या आपणच शोधून काढल्या होत्या. तीनातून पाच गेले तर उत्तर शून्याच्या खाली दोन येतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

वर्गात बसवणं जमेना, म्हणून त्याला एकट्याला शिकवलं गेलं. हे काम सोपं नव्हतं. पण पुढे फ्रिट्झने बाहेरून परीक्षा दिली आणि तो पास झाला.

दुसरा मुलगा साडेआठ वर्षांचा हारो. हा तास सुरू असताना वर्गात चक्क रांगत फिरायचा. गणितं तो सोडवायचा, पण स्वतःच्याच रीतीने. ३४ वजा १२ किती, असं विचारलं तर आपण सरळ २२ म्हणू. हारो आधी ३४ मध्ये २ मिळवून ३६ करायचा. मग ३६ मधून १२ काढून २४ वर यायचा. मग मिळवलेले २ परत काढून २२ सांगायचा. वर, ही रीत जास्त झटपट आहे असंही ऐकवायचा.

उत्तर बरोबर, पण रीत भलतीच. अशा मुलाचं शिक्षकाने काय करायचं? ॲस्पर्गर यांनी ही अडचण बरोबर पकडली होती. ही मुलं स्वतःच्या डोक्याने खूप काही शोधतात, पण दुसऱ्याने सांगितलेली साधी रीत घोटून पाठ करणं त्यांना जड जातं. शाळा तर त्या घोटण्यावरच चालते. म्हणून डोकं असूनही मूल नापास होतं आणि शिक्षकाला वाटतं की हा मुद्दाम करतोय.

शिक्षकाने करायचं काय?

१९४४ मध्ये ॲस्पर्गर यांचा मोठा लेख जर्मनीतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात आला. त्यात चार मुलांची सविस्तर माहिती होती आणि दहा वर्षांत अशी २०० हून जास्त मुलं पाहिल्याचा दावा होता. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियासाठी वापरलेला ऑटिस्टिक हा शब्द त्यांनी या मुलांसाठी घेतला. लेख वैद्यकीय असला, तरी त्यातला मोठा भाग वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला उपयोगी पडेल असा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज. ही मुलं रागाने वठणीवर येत नाहीत. उलट लालबुंद झालेला शिक्षक त्यांना बघायला मजेशीर वाटतो आणि ती मुद्दाम त्याला चिडवतात. लाडीगोडीही त्यांना नको असते. म्हणून शिक्षकाने बोलताना भावना बाजूला ठेवावी. शांतपणे, एका सुरात, मोजक्या शब्दांत सांगावं.

दुसरी गोष्ट म्हणजे आज्ञा. तू हे कर, असा थेट हुकूम आला की मूल अडून बसतं. तीच गोष्ट सगळ्यांना लागू असलेला नियम म्हणून सांगितली, की या वेळी सगळे हेच करतात, तर तेच मूल निमूटपणे ऐकतं. कारण मग ते शिक्षकासमोर हरत नाही, फक्त नियम पाळतं.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. सकाळी किती वाजता उठायचं इथपासून दिवसभरात काय काय करायचं, हे सगळं लिहून दिलं की रोजची भांडणं कमी होतात. विभागातून घरी जाताना पालकांशी बोलून असं वेळापत्रक मुलासोबत दिलं जायचं.

चौथी गोष्ट म्हणजे मधली सुट्टी. वर्गात एकवेळ निभावतं, पण शाळेच्या आवारात आणि घरी जायच्या रस्त्यावर बाकीची पोरं अशा मुलाला घेरून चिडवतात. मग ते भडकतं, हात उचलतं आणि तक्रार मात्र त्याच्याच नावाने येते. शिक्षकाने चिडवणाऱ्यांकडेही बघायला हवं, ही आजही शाळाशाळांत सांगावी लागणारी गोष्ट या लेखात दिसते.

या सगळ्या युक्त्यांच्या वर ॲस्पर्गर यांनी एक अट ठेवली होती. शिक्षकाला ते मूल मनापासून आवडलं पाहिजे. वरवर कोरडी दिसणारी ही मुलं समोरच्याच्या मनात आपल्याबद्दल काय आहे हे बरोबर ओळखतात. त्यामुळे शांत आवाजाच्या मागे खरी माया नसेल, तर कुठलीच युक्ती चालत नाही.

याची फळंही त्यांनी सांगितली. शाळेच्या दिवसांत असाच विचित्र समजला गेलेला एक मुलगा पुढे विद्यापीठात गेला, थोड्याच काळात न्यूटनच्या गणितातली एक चूक दाखवली आणि खगोलशास्त्राच्या विभागात शिकवू लागला.

या कामात ते पहिले होते असं मात्र नाही. मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी एका खास शाळेत अशीच मुलं ठेवून घेतली होती. कवायत, चित्रकला, सुतारकाम यांतून त्यांना तयार केलं होतं. त्यांचा लेख १९२५ मध्ये रशियन भाषेत आणि पुढच्याच वर्षी जर्मन भाषेत आला. ॲस्पर्गर यांना अशी मुलं बहुतेक मुलगेच दिसले. सुखारेवा यांनी १९२७ मध्येच मुलींबद्दलही लिहिलं होतं.

आणि मग हिटलर आला

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. व्हिएन्नातल्या ज्यू डॉक्टरांना बाहेर काढलं गेलं. रिकाम्या झालेल्या जागांचा फायदा मागे राहिलेल्यांना झाला. ॲस्पर्गर नाझी पक्षाचे सदस्य कधीच झाले नाहीत, पण पक्षाशी जोडलेल्या काही संघटनांमध्ये ते गेले. त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक फ्रान्झ हांबुर्गर कट्टर नाझी होते आणि ॲस्पर्गर त्यांच्या मर्जीतले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲस्पर्गर यांनी एक व्याख्यान दिलं. चाकोरीबाहेरचं असलेलं सगळंच हलक्या प्रतीचं नसतं, असं त्यांनी त्यात मांडलं. दुर्बलांना नष्ट करायला निघालेल्या राजवटीत हे बोलणं धाडसाचं होतं, असं त्यांचे समर्थक सांगतात. पण त्याच व्याख्यानात त्यांनी नव्या राजवटीची तारीफही केली होती.

१९४० च्या जुलैमध्ये व्हिएन्नाच्या श्टाइनहोफ मनोरुग्णालयाच्या आवारात एक नवं बालगृह उघडलं. त्याचं नाव आम श्पीगलग्रुंड. त्याचे प्रमुख एर्विन येकेलियस हे आधी ॲस्पर्गर यांच्या विभागात काम केलेले डॉक्टर. ज्या मुलांवर खर्च करणं राष्ट्राला परवडत नाही असं ठरायचं, ती मुलं इथं यायची. त्यांना झोपेच्या औषधांचे डोस दिले जायचे, पोटभर खायला दिलं जायचं नाही. मूल खंगायचं आणि मग कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं जायचं, न्यूमोनिया. युद्ध संपेपर्यंत तिथं ७८९ मुलं दगावली.

दोन मुली आणि ३५ मुलं

जून १९४१ मध्ये एक मुलगी ॲस्पर्गर यांच्यासमोर आली. वय तीन वर्षंही पूर्ण नाही. मेंदूला सूज येऊन गेल्यावर तिची वाढ खुंटली होती. ॲस्पर्गर यांनी अहवालात लिहिलं की घरी आणखी पाच निरोगी मुलं असलेल्या आईला ही मुलगी असह्य ओझं होत असणार, त्यामुळे तिला कायमचं श्पीगलग्रुंडला ठेवणं अत्यंत गरजेचं आहे. जुलैच्या पहिल्या दिवशी तिला तिथं दाखल केलं. सप्टेंबरमध्ये तिसऱ्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी ती गेली. कारण न्यूमोनिया.

आणखी एका पाच वर्षांच्या मुलीलाही त्यांनी तिथंच पाठवण्याची शिफारस केली होती. तीही १९४२ मध्ये गेली.

फेब्रुवारी १९४२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या गुगिंगच्या संस्थेतल्या २०० हून जास्त मुलांची छाननी करायला सात जणांची समिती नेमली गेली. त्यात ॲस्पर्गर होते. प्रत्येक मुलाबाबत ठरवायचं एकच होतं, हे शिकण्यालायक आहे की नाही. समितीने ३५ मुलांवर नाही असा शिक्का मारला. ती मुलं श्पीगलग्रुंडला गेली आणि मरण पावली.

आता फ्रिट्झची शाळा आठवा. ज्या शब्दांवर त्या शाळेने फ्रिट्झला बाहेर काढलं, ते खोटे ठरवण्यात ॲस्पर्गर यांच्या विभागाने जीव ओतला होता. आणि तेच शब्द दुसऱ्या मुलांच्या नावापुढे लिहिणाऱ्या टेबलावर ते स्वतः बसले होते.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फ्रिट्झ किंवा हारोसारख्या मुलांना त्यांनी तिकडे पाठवलं नाही. तिकडे गेली ती मुलं बोलू न शकणारी, जास्त अपंगत्व असलेली होती. १९४४ च्या लेखात ॲस्पर्गर यांनी आपल्या स्वमग्न मुलांची बाजू मांडताना ती मोठी झाल्यावर समाजाच्या कामी येतात यावर भर दिला. त्या काळात मुलांना वाचवायचा तोच एक मार्ग होता, असं काही जण म्हणतात. पण त्या युक्तिवादाची दुसरी बाजू भयंकर आहे. जे मूल कामी येणार नाही, त्याचं काय?

युद्ध संपलं, फायली बंद झाल्या

ॲस्पर्गर १९४३ मध्ये सैन्यात भरती झाले आणि डॉक्टर म्हणून क्रोएशियात गेले. ते तिकडे असताना १९४४ मध्ये व्हिएन्नातल्या त्यांच्या विभागावर बॉम्ब पडला. इमारत जमीनदोस्त झाली आणि सिस्टर व्हिक्टोरिन त्यात गेल्या.

युद्धानंतर ॲस्पर्गर परतले आणि त्यांची कारकीर्द चढत गेली. १९५२ मध्ये उपचारी शिक्षणावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक आलं. १९५७ मध्ये ते इन्सब्रुकच्या आणि १९६२ मध्ये व्हिएन्नाच्या बाल रुग्णालयाचे प्रमुख झाले. गेस्टापो आपल्याला पकडायला आले होते आणि हांबुर्गर यांनी वाचवलं, असं ते सांगायचे. ते नाझींच्या विरोधात होते अशीच त्यांची ओळख राहिली. २१ ऑक्टोबर १९८० रोजी त्यांचं निधन झालं. तोवर जर्मन भाषेच्या बाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

त्यांचं नाव जगभर केलं ते लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी. त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. बोलता येतं, बुद्धी आहे, पण माणसांत मिसळता येत नाही, अशा मुलांना तेव्हा कुठल्याच चौकटीत जागा मिळत नव्हती. विंग यांनी १९८१ मध्ये लेख लिहून या मुलांसाठी ॲस्पर्गर सिंड्रोम हे नाव पुढे आणलं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेत ते अधिकृतपणे आलं. जगभरातल्या हजारो मुलांना त्यामुळे शाळेत मदत मिळाली, हेही खरं.

मग २०१३ मध्ये त्याच पुस्तिकेने हे वेगळं निदान काढून टाकलं आणि सगळ्यांना ऑटिझम स्पेक्ट्रम या एकाच छत्राखाली आणलं. कारण वैद्यकीय होतं. हुशार आणि कमी हुशार अशी रेघ नेमकी कुठे ओढायची, हे डॉक्टरांनाच ठरवता येत नव्हतं.

२०१८ मध्ये दुसरा धक्का बसला. व्हिएन्नाचे इतिहासकार हेरविग चेक यांनी जुन्या फायली चाळून ॲस्पर्गर यांची श्पीगलग्रुंडसाठीची शिफारसपत्रं आणि गुगिंगच्या समितीची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकन इतिहासकार एडिथ शेफर यांचं पुस्तक आलं. तिथं मुलांना मारलं जातंय हे ॲस्पर्गर यांना तेव्हा माहीतच नसेल, असा बचाव काही अभ्यासकांनी केला. पण श्टाइनहोफमधून रुग्णांना मारायला नेलं जातंय याची कुणकुण १९४० मध्येच व्हिएन्नात लागली होती आणि नातेवाइकांनी त्याविरुद्ध आवाजही उठवला होता. हा वाद अजून मिटलेला नाही. काही जणांनी ॲस्पर्गर ही ओळख टाकून दिली आहे, काही जण ती आजही अभिमानाने सांगतात.

मग त्यांच्या सल्ल्याचं काय करायचं?

लिहून किंवा चित्रांनी दाखवलेलं वेळापत्रक, शांत आवाज, मोजके शब्द, चिडवणाऱ्यांना आवर, हे सगळं आजही स्वमग्न मुलांच्या शिक्षकांना सांगितलं जातं आणि ते उपयोगी पडतं. ते एकट्या ॲस्पर्गर यांचं कधीच नव्हतं. त्यात सिस्टर व्हिक्टोरिन, फ्रांकल, वाइस आणि फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या शिक्षकांचा वाटा होता. त्यामुळे ते टाकून द्यायचं कारण नाही.

टाकून द्यायची आहे ती त्यामागची अट. मूल न्यूटनची चूक काढणार असेल तरच त्याला शिकवायचं, ही अट.

सोशल मीडियावर ऑटिझम म्हणजे सुपरपॉवर असे रील्स भरपूर फिरतात. आईन्स्टाईनपासून मस्कपर्यंत सगळ्यांचे फोटो त्यात असतात. हेतू चांगला असतो, पण जे मूल बोलत नाही, ज्याला आकडे येत नाहीत, ज्याला डबा उघडायलाही मदत लागते, ते या रील्समध्ये दिसत नाही. वर्गात मात्र ते असतं. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे, त्यात ऑटिझम आहे. मूल हुशार असेल तरच मदत मिळेल, असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

फ्रिट्झला शिकवणं योग्यच होतं. पण त्याला ऋण संख्या येत नसत्या, तरीही ते तेवढंच योग्य ठरलं असतं. तिसऱ्या वाढदिवसानंतर गेलेल्या त्या मुलीच्या बाबतीत ॲस्पर्गर यांना नेमकं हेच दिसलं नाही.